वाडग्याचा आकडा

१

टोपीवाले काका दिवसाची पहिली टोपी घालत ती वाडग्याला. सकाळी पावणेनऊला, पेशंट यायच्या आत.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दिवसभरात आठ-दहा माणसं येत. काका त्यांच्या डोक्यावर तारा जोडलेली कापडी टोपी चढवत, टोपीच्या एकेका भोकात थंडगार मलम भरत, आणि मग मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी पडद्यावर रेघा होऊन सरकू लागत. "तीस वर्षं झाली, लोकांना टोप्या घालतोय," काका प्रत्येक नव्या माणसाला सांगत, "आणि वर पगारही घेतोय." घाबरलेला माणूस हसला की रेघा नीट येतात, असा त्यांचा अनुभव होता.

पण त्याआधी मशीन आणि तारा धड आहेत ना ते बघायचं असे. म्हणून टोपी मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवायची आणि पाच मिनिटं रेघ काढायची. पाण्याला मेंदू नसतो. तेव्हा जी काय बारीक रेघ उमटेल ती नुसती तारांची खरखर. ती एकदा बघितली की काका वाडगा मोरीत रिकामा करत आणि पहिल्या पेशंटला हाक मारत.

सगळ्या रेघा शेजारच्या खोलीत बाईंच्या कॉम्प्युटरवर येत. बाईंनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. शाळा सुटली, 'बाई' हे नाव काही सुटलं नाही. इथं त्यांचं काम एकच, आलेल्या प्रत्येक रेघेची एन्ट्रॉपी काढायची. हे काय असतं असं कुणी विचारलं, की त्या फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या सांगत, "आतापर्यंतची रेघ बघून पुढचा तुकडा कसा येईल ते ओळखता येतं का? मुळीच येत नसेल तर आकडा मोठा. डोळे मिटून सांगता येत असेल तर आकडा लहान." नुसत्या खरखरीचा आकडा सव्वादोनच्या घरात. जाग्या, धडधाकट माणसाचा दीडच्या अलीकडे-पलीकडे. घड्याळाच्या लंबकाचा जवळजवळ शून्य.

विसराळूपणाचा आजार या आकड्यावरून आधीच कळतो का, हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे मोठ्या मॅडमना, शोधायचं होतं. त्यासाठी तुलनेला धडधाकट माणसंही हवी होती. बाईंनी घरचंच माणूस आणून बसवलं.

बाईंचे यजमान गाडी चालवायला शिकवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. खुर्चीत बसल्या बसल्या ते काकांना म्हणाले, "माझ्या डोक्यात काहीतरी आहे एवढं लेखी द्या हो. हिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो."

डोळे मिटून बसा म्हटलं, तर मास्तरांना ते काही जमेना. दर थोड्या वेळानं एक डोळा किलकिला करून ते पडद्याकडे बघत. माणसानं डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाच्या चालीनं गोल, गुळगुळीत लाटा सुरू होतात, आणि डोळे उघडले की थांबतात. मास्तरांच्या त्या लाटा सारख्या तुटत होत्या. काका हसून हसून बेजार झाले, आणि मास्तर हसू दाबू लागले तशी रेघ आखूड झटक्यांनी थरथरली.

"पास की नापास?" मास्तरांनी विचारलं.

"एक पूर्णांक एक्केचाळीस," बाई म्हणाल्या. "काठावर पास."

तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्याचा आकडा सव्वादोनऐवजी २.२१ आला. एवढ्याशा फरकाकडे कुणी लक्ष द्यावं?

२

आठवडाभरात तो २.०८ वर आला. मग मात्र बाईंचं लक्ष गेलं.

आकडा उतरला, याचा अर्थ खरखरीत कुठलंतरी वळण शिरलं होतं. त्यांनी काकांना विचारलं, मीठ बदललं का, वाडगा बदलला का, शेजारी नवीन फ्रीज आलाय का. काकांनी वाडगा बदलला. मग पाणी बदललं, तेही दवाखान्यातलं शुद्ध केलेलं. वायरमन येऊन अर्थिंगची तार तपासून गेला आणि "तुमचं मशीन माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहे" असं सांगून गेला. लिफ्ट बंद ठेवून बघितलं. पंखा बंद ठेवून बघितलं.

१.९७. १.९०.

"काका, पाणी रोज टाकता ना?"

"रोज संध्याकाळीसुद्धा वाडगा घासून पालथा घालतो बाई. शिळं पाणी मी जावयालाही देत नाही."

दिवसभराच्या पेशंटांचे आकडे अगदी ठीक येत होते. बिघाड फक्त वाडग्यात होता. मोठ्या मॅडमना सांगावं असं बाईंना दोनदा वाटलं. पण सांगणार काय? पाण्याचा आकडा उतरतोय म्हणून? त्या म्हणतील, बाई, जरा सुट्टी घ्या.

बाईंनी रेघ मोठी करून बघितली. खरखरच होती. पण पावसाच्या आवाजाकडे फार वेळ कान लावून बसलं, की लांब कुठंतरी कुणी बोलतंय असं वाटू लागतं ना, तशी. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या कामाला लागल्या.

३

त्याच आठवड्यात जेवताना मास्तरांनी शिंप्याची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट बाईंनी शंभर वेळा ऐकली होती. मास्तरांचा एक विद्यार्थी ब्रेकऐवजी भलतंच दाबून थेट शिंप्याच्या दुकानात गाडी घालतो. पण मास्तर एकच गोष्ट दोनदा सारखी कधी सांगत नसत. कधी शिंपी विद्यार्थ्याची मापं घेऊनच त्याला सोडायचा, कधी मास्तरच घाबरून काउंटरमागे लपायचे, कधी आत कपडे बदलणारं गिऱ्हाईक गाडीत येऊन बसायचं. खरं काय झालं होतं हे बाईंना लग्नाला एकतीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

त्या दिवशी शिंपी म्हणाला, "साहेब, आत या, पण गाडी बाहेर ठेवा." बाई हसल्या. हे नवीन होतं.

दोन दिवसांनी मास्तरांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. शिंपी म्हणाला, "साहेब, आत या, पण गाडी बाहेर ठेवा." तेच शब्द, तोच 'पण'वरचा जोर. 'ठेवा' म्हणून झाल्यावर मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला, परवा घेतला होता तसाच.

"हे सांगितलंत की परवा," बाई म्हणाल्या.

"हो का?" मास्तर हसले आणि म्हणाले, "वय झालं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा शिंपी आला. बाई म्हणाल्या, "अहो, सांगितलंत की." मास्तर हसले. "हो का? वय झालं."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. विसराळूपणाचे पेशंट त्या रोज बघत होत्या. ते अडखळतात, शब्द शोधतात, चिडतात. मास्तर कुठंच अडखळत नव्हते.

४

खोलीबाहेरच्या व्हरांड्यात भिंत खरवडायचं काम निघालं. सगळीकडे पांढरी धूळ. एका सकाळी वाडग्यात धूळ पडू नये म्हणून काकांनी त्यावर टॉवेल टाकला.

बाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांच्या पडद्यावर खरखर थांबली आणि गोल, गुळगुळीत लाटा सुरू झाल्या. सेकंदाला दहा.

कुणीतरी आधीच पेशंट बसवला, असं त्यांना वाटलं. त्या उठून दारात आल्या. खुर्ची रिकामी होती. काका मशीनसमोर पाठमोरे उभे होते.

"बाई," ते मागे न वळता म्हणाले, "हे बघताय का?"

"टॉवेल काढा."

काकांनी टॉवेल काढला. लाटा थांबल्या.

"टाका."

टॉवेल पडला आणि दोन सेकंदांनी लाटा सुरू झाल्या.

काका हसले. "भुतानं डोळे मिटले की काय?" असं म्हणून त्यांनी टॉवेल पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. तीनदा, चारदा. हसू कधी मावळलं ते त्यांनाही कळलं नसेल. पाचव्या वेळी लाटा सुरू झाल्या आणि मध्येच तुटल्या. टॉवेल तर वाडग्यावरच होता. क्षणभरानं पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा तुटल्या.

आतून कुणीतरी डोळा किलकिला करून बघावं, तशा.

बाईंनी मशीनच्या टेबलाची कड धरली. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. पण ते ओठांवर आणायची त्यांची तयारी नव्हती.

"ओल्या टॉवेलमुळे काहीतरी होत असेल," त्या म्हणाल्या.

"टॉवेल कोरडा आहे बाई," काका म्हणाले. त्यांनी वाडगा मोरीकडे नेला तो हात लांब करून, आपल्या अंगाला लागू न देता.

५

त्यानंतर बाई घरी कान देऊन राहू लागल्या.

मास्तर चहात सात वेळा चमचा फिरवत. जिना चढताना चौथ्या पायरीवर खाकरत. पेपर वाचताना पान उलटायच्या आधी "कठीण आहे" म्हणत. दर पानाला. घरात भांडण असं उरलं नाही. एरवी टॉवेल कुठं टाकलाय, दिवा कुणी चालू ठेवला यावरून दिवसातून दोनदा तरी वाजायचं. आता मास्तर टॉवेल दांडीवर टाकत, चारी कोपरे जुळवून. स्वतःच्या शर्टांच्या घड्या स्वतः घालत. शेजारीण म्हणाली, "नशीबवान आहात हो. आमच्याकडे पाठवा की चार दिवस शिकवणीला."

बाईंना रडू आलं. ते का आलं हे शेजारणीला कसं सांगायचं?

मग एक दिवस गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या मालकाचा फोन आला. तक्रार नव्हती, उलट कौतुकच होतं. "मास्तर फार छान शिकवायला लागलेत आता. आवाज चढत नाही. फक्त एक... काल एका मुलीच्या गाडीपुढे कुत्रं आलं. मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, तो त्यांनी दाबला नाही. ते म्हणत राहिले, आता आरशात बघा. ते वाक्य त्या ठिकाणी येतं म्हणून. मुलीनंच ब्रेक लावला म्हणून बरं."

त्या दिवशी बाईंनी वाडग्याचे सगळे आकडे काढून एका कागदावर टिंबं मांडली. उतार कुठून सुरू होतो ते पेन्सिलनं मागे मागे नेलं. पेन्सिल येऊन थांबली त्या मंगळवारावर. मास्तर खुर्चीत बसून हसले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"मॅडमना तुमची रेघ परत हवी आहे," त्यांनी घरी सांगितलं. ते खोटं होतं. मास्तर "बरं" म्हणाले आणि आले. काकांनी टोपी घातली, "तीस वर्षं झाली लोकांना टोप्या घालतोय" हेही म्हणाले. मास्तर योग्य जागी हसले. डोळे मिटा म्हटल्यावर त्यांनी मिटले. पाच मिनिटं पापणीसुद्धा हलली नाही.

आकडा आला ०.८८. त्याच सकाळी वाडग्याचा आकडा आला होता १.५२.

मोठ्या मॅडमनी मास्तरांची रेघ बघितली. "किती स्वच्छ आहे! झटका नाही, सूज नाही, आजाराची एक खूण नाही. बाई, तुम्ही उगाच काळजी करता. आकड्यात काहीतरी चूक झाली असेल, पुन्हा काढा."

बाईंनी पुन्हा काढला. ०.८८. चार दिवसांनी मास्तरांना परत बसवलं, तेव्हा ०.६१.

६

जेवणाच्या सुट्टीत मजला रिकामा व्हायचा. बाईंनी काकांकडून किल्ली मागून घेतली. "मी बाहेर बसतो," काका म्हणाले. "आत यायला सांगू नका."

बाईंनी स्वतः वाडगा भरला, मीठ घातलं, ढवळलं, टोपी बुडवली. खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं. पडद्यावर खरखर म्हणावी अशी रेघ आता उरली नव्हती. ती रोजच्या पेशंटांच्या रेघेसारखी दिसत होती, फक्त फार बारीक.

आपण शाळेतल्या गणिताच्या बाई आहोत, त्यांनी मनाशी म्हटलं. पाण्याला कान नसतात. हे एकदा तपासायचं आणि मोकळं व्हायचं.

"एक दोन तीन," त्या मोठ्यानं म्हणाल्या. रेघ होती तशीच राहिली.

त्यांनी मालकाचं नाव घेतलं, शेजारणीचं घेतलं. काही नाही. मास्तरांचं नाव घेतलं, तेव्हाही नाही. त्यांना जरा हायसं वाटलं. हात पुसून उठता उठता, घरात दिवसातून पन्नास वेळा म्हणतात तसं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो."

सगळ्या रेघा एकदम उसळल्या. रेघेवर जाड, काळा पट्टा उमटला. माणूस दचकला, जबडा आवळला, कपाळ आकसलं की उमटतो तसा. मग पट्टा ओसरला आणि रेघ ताठ, टोकदार झाली. कुणीतरी श्वास रोखून पुढचा शब्द ऐकायला बसावं, तशी.

बाई वाडग्यावर वाकल्या. पाण्यात टोपी, तारा आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा. दुसरं काही नव्हतं. काही नाही हे कळूनही त्या किती तरी वेळ तशाच वाकून राहिल्या.

"शिंप्यानं काय केलं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

रेघ थरथरली. आखूड आखूड झटक्यांनी, थांबून, पुन्हा. असा थरथराट बाईंनी एकदाच बघितला होता. मास्तर खुर्चीत बसून हसू दाबत होते तेव्हा.

७

"हे रजिस्टरात लिहू काय?" सगळं ऐकल्यावर काकांनी विचारलं.

"काही लिहू नका."

शेवटचा पेशंट साडेतीनला गेला. बाईंनी फोन करून बोलावलेले मास्तर खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, पावलं जोडून. वाडगा शेजारच्या टेबलावर होता, टोपी पाण्यात होती, मशीन चालू होतं. बाईंच्या डोक्यात उपाय असा काही नव्हता. जे टोपीतून गेलं ते टोपीतूनच परत येईल, एवढाच अडाणी हिशेब होता. गणितात त्यांनी असल्या उत्तराला शून्य मार्क दिले असते.

"अहो, टोपी घालायची आहे. ओली असेल."

"बरं," मास्तर म्हणाले.

काकांनी टोपी उचलली. टोपी पाण्यातून वर आली, की तारा हवेत लोंबकळतात आणि रेघा वेड्यावाकड्या नाचू लागतात. हे तीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. म्हणून काकांनी सवयीनं मान वळवून पडद्याकडे बघितलं, आणि ते जागच्या जागी थांबले.

रेघा नाचत नव्हत्या. खाली पाणी नव्हतं, आत डोकं नव्हतं, टोपी काकांच्या दोन्ही हातांत लोंबत होती, आणि पडद्यावर रेघ शांतपणे, खंड न पडता पुढे सरकत होती. आता तिच्यात त्या गोल लाटाही नव्हत्या. डोळे टक्क उघडे होते.

"धरा बाई, धरा," काका पुटपुटले. "मला धरवत नाही."

बाईंनी टोपी हातात घेतली. ती थंड असायला हवी होती. त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. मास्तरांनी मान वर केली आणि बाईंच्या डोळ्यांत बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. त्या नजरेत राग नव्हता. पाहुणचार संपला की पाहुणा यजमानीणबाईंकडे बघतो, तशी ती नजर होती.

"येतो," ते म्हणाले.

बाईंनी टोपी त्यांच्या डोक्यावर ओढली. मिठाचं पाणी कपाळावरून, भुवयांवरून खाली ओघळलं.

पडद्यावर एका क्षणी दोन रेघा दिसल्या, एकीवर एक. काका नंतर म्हणायचे, दोन होत्या. बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्या समोरच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो चेहरा क्षणभर कुणाचाच नव्हता. घर रिकामं झाल्यावर खोलीच्या भिंती दिसतात, तसे गाल, कपाळ, हनुवटी तेवढी होती.

मग एक डोळा किलकिला झाला.

"अगं," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "किती वेळ लावलास! नाकातोंडात पाणी गेलं की."

काका खाली फरशीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले.

८

पाच मिनिटांची रेघ काढली. एक पूर्णांक चाळीस. दुसऱ्या दिवशी वाडग्याचा आकडा सव्वादोन आला, त्यानंतरही रोज सव्वादोनच. ती टोपी काकांनी कात्रीनं कापून टाकली आणि खराब झाली म्हणून लिहिलं. मॅडमनी नवीन मागवली. बाईंनी महिनाभरात काम सोडलं. मॅडमना वाईट वाटलं, पण घरी लक्ष द्यायचंय म्हटल्यावर त्या जास्त काही बोलल्या नाहीत.

मास्तर पहिल्यासारखे झाले. टॉवेल दारावर, दिवे चालू, दिवसातून दोनदा भांडण. कपाटातले चारी कोपरे जुळवलेले शर्ट बघून मात्र ते घरी आलेल्या दिवशी खोलीच्या दारातच थबकले. "ह्या घड्या कुणी घातल्या?" बाई म्हणाल्या, "मी." मास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि त्यातला एकही शर्ट पुन्हा अंगात घातला नाही.

त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, बाई ओट्याशी उभ्या असताना ते आपणहून बोलू लागले.

"वर एक गोल उजेड होता. तू वाकलीस की दिसायचीस. हाक ऐकू यायची, पण ओ देता येत नव्हती."

बाई हात न पुसता तशाच वळल्या.

"पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा तिथं आधीच एकजण होता गं. कधीपासून होता कुणास ठाऊक. मला बघून सरकला, जागा करून दिली. म्हणाला, टेका. आणि माझ्याच अंगावरून वर निघून गेला."

"कसा होता?"

"नीट बघता आलं नाही. डोळे किलकिले करूनसुद्धा." मास्तर हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. "परत येताना वाटेत तो मला भेटेल असं वाटलं होतं. तो जाणार म्हणजे खाली, त्याच्या जागेवर. वाट तर एकच होती. पण कुणी भेटलं नाही. बरं, वाडगा ठीक आहे म्हणालीस ना?"

"सव्वादोन," बाई म्हणाल्या. "नुसती खरखर. आत कुणी नाही."

"मग तो गेला कुठं?"

 हाच प्रश्न बाई रोज सकाळी स्वतःला विचारत होत्या, आणि जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की पुन्हा विचारत होत्या.

"जाताना काही बोलला का गं तुझ्याशी?"

"येतो म्हणाला."

"वा. रीतभात होती म्हणायची." मास्तरांनी सुपारीसारखं काहीतरी दातात धरल्यागत जबडा हलवला. "आणि तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणतेय?" बाई म्हणाल्या आणि नळ सोडून भांडी विसळू लागल्या.

एकतीस वर्षं त्यांनी या घरातून माणसं दारापर्यंत पोचवली होती. निघताना कुणी 'येतो' म्हटलं, की जीभ मेंदूला विचारायला थांबत नाही. ती आपली आपण उत्तर देऊन मोकळी होते. त्या दुपारी, ओली टोपी हातात धरून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, बाई म्हणाल्या होत्या, "या."